चाळीसला बांधलेला समुद्र

एकेचाळीस वर्षं ट्रॉलरवर काढली बाबांनी,
पोटातलं कधी ओठांशी आलं नाही.
आणि काल माझ्या टेबलाशी बसून
तीन मिनिटांत तोंड धुवायला उठले.

"ह्या पाण्याला उचकी लागलीय," म्हणाले.

खरंच होतं. सेकंदाला बावीस चित्रं,
मध्येच चौदा,
मग लाट डोक्यावर असताना एकदम काहीच नाही:
बोट थिजलेली, फेस हवेत टांगलेला,
आणि पुढच्या क्षणी आपण पलीकडे.
कसे आलो, कुणालाच ठाऊक नाही.
बाबांच्या धंद्यात अशा गाळलेल्या जागांतच
माणसं जायची.

गेमला काय काय लागतं ती यादी
मी वाचली होती, वाचूनही घेतला.
माझं कार्ड त्या यादीत शेवटूनही पहिलं नव्हतं.
पण जानेवारीत इसाफ्योर्दुरला
दुसरं करायचं तरी काय?

स्क्रू काढले.
आमची स्कोटा मांजर जाऊन तीन वर्षं झाली,
पंख्यात ती अजून होती.
"थोडे केस राहू दे," बाबा म्हणाले.
"राहिले तर तापतं, बाबा."
त्यांनी चिमूटभर उचलले
आणि शर्टाच्या खिशात घातले.

मशीन खिडकीखाली, खिडकी बोटभर उघडी.
वजा सहाचा वारा इथे फुकट,
एवढीच काय ती श्रीमंती.
आकडा सव्वीस.

मग काटकसर.
ढग पातळ केले.
किनाऱ्यावरचं गवत उपटलं.
लांबची बेटं धुक्यात लोटली.
पाण्यातली प्रतिबिंबं विझवली,
दिव्याचं, डोलकाठीचं,
एका पक्ष्याचं सुद्धा, जो मला आवडायचा.
सावल्यांपाशी मात्र बोट अडलं.

"काढ," बाबा म्हणाले.
"नोव्हेंबरपासून ह्या गावात
कुणाची सावली पडलीय?
सूर्य डोंगरामागूनच परत जातो."

सावल्या गेल्या. पंखा निवला.
एकावन्न, अठ्ठावन्न, साठ.
आणि लाट आली की लगेच एकतीस.

मला साठच हवे होते.
रात्री दोनपर्यंत नवा ड्रायव्हर काढ, जुना घाल,
पुन्हा नवा,
जणू साठ ही माझी थकलेली उधारी होती.
बाबा खुर्चीत पेंगत होते.
डोळे न उघडता म्हणाले,
"आमचा इंजिनवाला एय्योल्फुर सांगायचा,
जोर दाखवणारं इंजिन घरी आणत नाही.
एका सुरात धडधडतं, ते आणतं."

मी चाळीसला बांधून टाकलं.
वर जायचं नाही,
मग खाली कोसळायलाही काही उरत नाही.

विंचने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं ठेवून घेतली होती,
म्हणून एक बटण डावीकडे आणलं.

लाट आली.
चढली,
माथ्यावर किंचित थांबली, थांबावी तशी,
आणि उतरली.
मधलं काहीच गळलं नाही.

पाण्यात काही दिसत नव्हतं.
ना दिवा, ना बेट, ना आकाशाचा तुकडा.
किती कंगाल केला मी हा समुद्र, मला वाटलं.
बाबा पुढे झुकले.
"असाच," ते म्हणाले. "रात्री असाच असायचा.
तुझ्या त्या चकचकीत पाण्यावर
मी कधी गेलोच नाही."

पहाटे चारपर्यंत ते परत आले नाहीत.

पंधरा दिवसांनी सूर्य डोंगरावरून डोकावला.
सूर्याची कॉफी झाली, रिवाजाप्रमाणे पॅनकेक झाले,
शेजारची थोर्गेर्दुर रुबार्बचा जॅम घेऊन आली.
बाबांची सावली टेबलावरून फ्रिजपर्यंत पडली.
त्यांनी हात उचलला.
तिनेही उचलला,
त्याच क्षणी, केसभर मागे न राहता.
पुन्हा खाली, पुन्हा वर.
थोर्गेर्दुर बघतच राहिली.

"एय्दिस," बाबा म्हणाले,
"ह्याला किती पडतात गं?"